गाणे कोणाचे, पैसा कोणाचा?

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘बँड’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वरातीपुढे चालणारे, झालरीचे कोट घातलेले पितळी वाद्यांचे पथक उभे राहते. सेलू त्याला अपवाद नाही. लग्नसराईत या पथकांना उसंत नसते आणि एरवी काम नसते. सुपारी देणारा सांगेल ते गाणे वाजवावयाचे हा त्यांचा धर्म. त्यात कमीपणा काही नाही. हातावर पोट असलेल्या कलावंताने आणखी काय करावे? परंतु त्याच गावातील महाविद्यालयात शिकणारा मुलगा ‘बँड’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काही निराळे असते. चारदोन मित्र जमवावेत, आपली गाणी आपणच रचावीत आणि ती कोणाच्याही सुपारीवाचून लोकांपुढे म्हणावीत, असे त्याला वाटत असते. हे वाटणे फार दिवस टिकत नाही. गिटार महाग, शिकविणारा जवळपास नाही, मुंबई-पुणे दूर आणि परीक्षा तर तोंडावर. शिवाय ही सारी कल्पनाच विलायती, म्हणून आपल्या आवाक्याबाहेरची, अशी त्याची आणि त्याच्या पालकांचीही समजूत असते. ही समजूत एकदा तपासून पाहण्यासारखी आहे.

ज्या विलायती चळवळीकडे अशा मुलांचे डोळे लागलेले असतात तिचे नाव ‘पंक’. मराठीत पंक म्हणजे चिखल. इंग्रजीतही त्या शब्दाला टाकाऊ, उनाड पोर असाच हलका अर्थ होता, आणि त्या पोरांनी तो मुद्दाम मिरविला. १९७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बेकारी व महागाई वाढली होती. त्या वेळचे लोकप्रिय संगीत मात्र भव्य रंगमंच, लाखोंची ध्वनियंत्रणा आणि दहा-दहा मिनिटांची गाणी यांत गुंतले होते. ज्याच्या खिशात बसभाड्याचे पैसे नाहीत त्याने त्या संगीताकडे खालून वर पाहावे, एवढेच त्याच्या वाट्याला उरले होते. अशा वेळी काही तरुणांनी दोन-तीन सुरावटींवर भागणारी, दोन-अडीच मिनिटांत संपणारी, वेगवान आणि कर्कश गाणी रचली. वादनातील कौशल्य ही गाण्याची पूर्वअट नव्हे, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. गाणे विकणारी कंपनी ही गाण्याची पूर्वअट नव्हे, हा दुसरा.

या दुसऱ्या सिद्धान्ताची कसोटी लगेचच लागली. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या वाद्यवृंदाने मित्र व नातलगांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेतले आणि चार गाण्यांची एक छोटी तबकडी स्वतःच्या नावावर काढली. जानेवारी १९७७ मध्ये तिच्या एक हजार प्रती बाहेर पडल्या, हातोहात खपल्या आणि पुढे पुन्हापुन्हा काढाव्या लागल्या. इंग्लंडातील गावोगावच्या पोरांना या तबकडीने गाण्यापेक्षा हिशेब शिकविला. तबकडी काढण्यासाठी लंडनच्या कार्यालयात जाऊन कोणाची मनधरणी करण्याची गरज नाही, हे त्या हिशेबातून सिद्ध झाले. याच्या उलट, सर्वांत गाजलेले ‘सेक्स पिस्टल्स’ हे पथक ऑक्टोबर १९७६ ते मे १९७७ या आठ महिन्यांत एकामागून एक तीन कंपन्यांच्या दारी गेले. पहिल्या दोघींनी बभ्रा होताच त्यांना बाहेर काढले. राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा होत असतानाच राणीवरचे त्यांचे गाणे निघाले आणि बी.बी.सी.ने ते वाजविण्यास नकार दिला. ‘द क्लॅश’ या तितक्याच बंडखोर वाद्यवृंदाने जानेवारी १९७७ मध्ये एका बड्या अमेरिकन कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हा चळवळीतल्या अनेकांना ती चळवळीची तेरावी वाटली. ‘क्रास’ नावाच्या पथकाने मात्र शेवटपर्यंत आपल्या तबकड्या स्वतःच काढल्या, आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला लुबाडू नये म्हणून ‘यापेक्षा अधिक पैसे देऊ नका’ असे किमतीसह वेष्टणावर छापले.

वेष्टणावरची ही सूचना मराठी माणसाने विसरू नये. कारण सुमारे तेहतीस वर्षे आधी मुंबईच्या गिरणगावात काही आण्यांच्या पोवाड्यांच्या पुस्तिका याच बुद्धीने छापल्या आणि विकल्या जात होत्या. त्या विकणाऱ्या पथकाचे नाव ‘लाल बावटा कलापथक’. त्याला कोणी ‘बँड’ म्हटले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. तथापि, थोडे गायक-वादक, स्वतः रचलेली गाणी, स्वस्त वाद्ये, मालकाचा अभाव आणि सरकारची वक्रदृष्टी ही जी स्वतंत्र वाद्यवृंदाची लक्षणे मानली जातात ती सर्व येथे पुरेपूर आढळतात.

हे कलापथक १९४४ साली स्थापन झाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. तिघेही कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळात वावरणारे, पण तिघांच्या वाटा निराळ्या. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगावी एका मांग कुटुंबात झाला. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असे सांगतात. तिसाव्या सालानंतरच्या दुष्काळी दिवसांत हे कुटुंब वाटेगावाहून पायी मुंबईस आले. मुंबईत हमाली, फेरीविक्री आणि गिरणीतील कामे करीत हा मुलगा दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचून अक्षरे शिकला. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्याने ढोलकीपासून सोंगापर्यंत सर्व काही केले होते. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात रा. ब. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांशी त्याची गाठ पडली. हे मोरे म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक, जे नंतर कम्युनिस्ट झाले. लेबर कॅम्पातील या तरुणाने रचलेल्या सुरुवातीच्या पोवाड्यांपैकी एक तेथील डासांवर होता. पोवाडा म्हणजे शिवराय, तानाजी, पेशवाईतल्या लढाया. तो काव्यप्रकार उचलून गटाराकाठच्या डासांना बहाल करावयाचा, यात थट्टा तर आहेच, पण त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाचा राग त्याहून अधिक आहे. पुढे लंडनमध्ये ज्या वृत्तीचे ‘पंक’ म्हणून कौतुक झाले, तिचा याहून स्वच्छ नमुना शोधून सापडणार नाही.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६ चा. आई मुनेरबी यांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते ऐकत हा मुलगा वाढला. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संपात पुढारी आणि त्यापायी तुरुंग, असा त्यांचा प्रवास झाला. कोल्हापुरास मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत काही काळ काम केले तेव्हा ‘अमर शेख’ हे नाव मिळाले, ते कायमचे चिकटले. त्यांचा आवाज पहाडी होता असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण या विशेषणाने नेमके काही कळत नाही. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी मैदानाच्या शेवटच्या रांगेला शब्द कळेल असा तो आवाज होता, आणि ज्या पथकापाशी चांगला ध्वनिक्षेपक भाड्याने घेण्याचे पैसे नाहीत त्या पथकाला असा आवाज ही केवळ शोभा नसते, ते भांडवल असते. तिसरे गव्हाणकर. ते स्वतः शाहीर, रचनाकार आणि संघटक. तिघांत आज त्यांचे नाव सर्वांत कमी घेतले जाते. कोणत्याही पथकात एक लिहिणारा आणि एक गाणारा लोकांच्या स्मरणात राहतो. उरलेले सारे सांभाळणारा मात्र विसरला जातो. हा अन्याय गव्हाणकरांच्या वाट्याला आला.

पथकाच्या नावातील ‘लाल बावटा’ हा मुंबईच्या कामगारांच्या तोंडचा शब्द. १९२८ च्या प्रचंड गिरणी-संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनला चाळीतले लोक लाल बावटा म्हणूनच ओळखीत. म्हणजे पथकाने नावासाठी कोणता डौलदार संस्कृत शब्द शोधला नाही. जो शब्द श्रोत्यांच्या जिभेवर होता तोच घेतला. १९४३ साली मुंबईत ‘इप्टा’ ही अखिल भारतीय जननाट्य संस्था सुरू झाली होती आणि शहरी सुशिक्षित कलावंत तिच्याकडे ओढले जात होते. कलापथकाचे त्या चळवळीशी नाते होते, पण त्याची माती निराळी होती. त्याने नवे नाटक शोधले नाही, तमाशाच हाती घेतला.

येथे या मंडळींनी जे केले ते तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण त्यांची खरी करामत त्यातच आहे. तमाशाचा क्रम ठरलेला: आधी गण, मग गौळण, मग बतावणी व रंगबाजी, आणि शेवटी वग. गणात गणपतीला आवाहन. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, मावशी आणि त्यांना अडविणारा कृष्ण-पेंद्या. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण त्यात वंदन केले ते मायभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना. गौळणीला फाटा दिला. नाचीच्या अदाकारीवर पैसे उधळण्याची प्रथा गेली. बतावणीतला सोंगाड्या मात्र त्यांनी जपला आणि त्याच्या तोंडी सावकार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेट यांची टिंगल दिली. वगातला राजा आणि प्रधान गेले. त्यांच्या जागी खेड्यातला कुळवाडी आणि मुनीम आले. ढोलकी, तुणतुणे, डफ, झांज ही वाद्ये तीच राहिली. मागे उभे राहून ध्रुपद उचलणारे झीलकरीही तेच. फडातला जो प्रेक्षक आजवर पैसे फेकीत होता तो आता स्वतःचीच गोष्ट ऐकू लागला.

जानेवारी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील टिटवाळ्यास शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली. वारली आदिवासींना संघटित करण्याच्या ज्या कामासाठी गोदावरी परुळेकर पुढे ओळखल्या गेल्या त्याचा धागा या परिषदेपर्यंत जातो. तेथे अण्णाभाऊंचा ‘अकलेची गोष्ट’ हा वग झाला. आडाणी शेतकरी, लबाड सावकार आणि शेवटी अक्कल कोणापाशी हा सवाल, एवढेच कथानक. पण त्या मांडवात बसलेल्या माणसांना सावकाराच्या खातेवहीची भाषा रंगमंचावरून प्रथमच आपल्या बाजूने बोलली गेलेली ऐकू आली. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ अशी लोकनाट्ये त्याच मातीतून निघाली. यांच्या नावांतच वर्तमानपत्राचा वास आहे. पोवाड्यांचे विषयही तसेच: बंगालचा भीषण दुष्काळ, काळा बाजार, अमळनेरला गोळीबारात पडलेले गिरणी कामगार, स्तालिनग्राडची लढाई. घटना घडल्यावर काही आठवड्यांत तिचा पोवाडा चाळीत ऐकू यावा, हा वेग कोणत्याही नाटक कंपनीला परवडणारा नव्हता. पडदे, वेष, तालमी आणि नाट्यगृहाचे भाडे यांची ज्याला गरज नाही त्यालाच तो परवडतो.

मग पथक चालत कसे होते? श्रोत्यांची वर्गणी, युनियनने व किसान सभेने केलेली जेवणाखाणाची आणि प्रवासाची सोय, आणि पुस्तिकांची विक्री यांवर. मैदानात उपरणे पसरून चळवळीसाठी पैसे गोळा करण्याची अमर शेखांची हातोटी प्रसिद्ध होती. पण ते पैसे कलावंतांच्या खिशात जात नसत. पुस्तिका हलक्या कागदावर, छोट्या आकाराच्या. कार्यक्रमात ऐकलेले गाणे श्रोत्याने घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी साच्यावर म्हणावे, हा त्यांचा हेतू. गाण्याची मालकी राखून ठेवण्याचा विचार तेथे नव्हताच, उलट ते जितके चोरले जाईल तितके बरे. मँचेस्टरच्या पोरांनी पाचशे पौंडांत जो हिशेब मांडला तो गिरणगावात आण्यांत मांडला गेला होता.

एवढे सगळे खरे असले तरी एक अडचणीचा प्रश्न टाळता येत नाही. हे पथक मालकापासून, नाट्यगृहापासून, ध्वनिमुद्रण कंपनीपासून स्वतंत्र होते; पक्षापासून स्वतंत्र होते काय? १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष दूर राहिला होता. फॅसिझमविरुद्धचे युद्ध हे लोकयुद्ध होय, म्हणून या घडीला युद्धप्रयत्नांत अडथळा आणू नये, अशी त्याची भूमिका होती. ज्या तरुणांचे सोबती बेचाळीसमध्ये तुरुंगात गेले किंवा गोळ्यांना बळी पडले त्यांना लाल बावट्याचे गाणे त्या काळात गोड लागले नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. स्तालिनग्राडवरचा पोवाडा रचनेच्या दृष्टीने कितीही जोरकस असला तरी सातारा-सांगलीच्या भूमिगतांच्या मुलखात जन्मलेल्या शाहिराने तो रचावा, यामागे पक्षाची दिशा होती हे उघड आहे. विलायतेतील पंकवाल्यांपुढे कंपनीचा करार उभा राहिला, तसा या मंडळींपुढे पक्षाचा ठराव उभा होता. दोन्ही ठिकाणी कलावंताला व्यासपीठ मिळते आणि दोन्ही ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते.

तथापि या दोन बंधनांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. कंपनी कलावंताला गिऱ्हाइकाच्या आवडीकडे वळविते. पक्षाने या पथकाला गिऱ्हाइकच नसलेल्या वस्त्यांत नेले. वारल्यांच्या पाड्यावर कोणती तबकडी विकली जाणार होती? शिवाय डासांचा पोवाडा, काळ्या बाजाराचा पोवाडा, सावकाराचा वग यांना कोणत्याही ठरावाची गरज नव्हती. ते लेबर कॅम्पातून आणि वाटेगावातून आलेले होते. पक्षाच्या भूमिका बदलत गेल्या तसे काही पोवाडे जुने झाले. पोटाविषयी रचलेले मात्र टिकले.

स्वातंत्र्य आले आणि कसोटीचा काळ सुरू झाला. मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे ती सैल झाली तरी वगाची संहिता अधिकाऱ्यांकडून आधी तपासून घेण्याची अट आली. तमाशातला अश्लील भाग ज्यांनी स्वतःहून काढून टाकला होता त्यांच्याच कार्यक्रमांना सर्वाधिक मनाई झाली, यावरून बंदीचा रोख कोणाकडे होता ते कळते. १९४८ पासून कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड सुरू झाली आणि कलापथकाच्या उघड कार्यक्रमांचे दिवस संपले. तमाशा या शब्दालाच मनाई असेल तर आमच्या खेळाला लोकनाट्य म्हणा, असा मार्ग याच काळात निघाला. मराठी रंगभूमीवर नंतर प्रतिष्ठा पावलेल्या या शब्दामागे बंदी चुकविण्याची ही निकड होती, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते.

सेलूच्या वाचकाला या वर्षांत आणखी एक गोष्ट आठवावी लागते. कलापथक मुंबई इलाख्यात गात होते तेव्हा सेलू, परतूर, परभणी हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे सरकारी परवानगीवाचून जाहीर सभा घेण्यास मनाई करणारे ‘गश्ती निशाण ५३’ वर्षानुवर्षे लागू होते. मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन सेलूशेजारच्या परतूरला १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेही अशा जाचक वातावरणात. जेथे भाषणाची चोरी तेथे पोवाड्याची काय कथा! लाल बावट्याच्या पथकाने अशा मुलखात उघडपणे उतरणे दुरापास्तच होते. पण गाण्याला सरहद्दीचा जकातनाका नसतो. निजामी राज्याच्या पूर्वेकडील तेलंगणात १९४६ पासून शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला, आणि अण्णाभाऊंनी मुंबईत बसून त्यावर ‘तेलंगणचा संग्राम’ हा पोवाडा रचला. तिकडे आंध्रात इप्टाशी जोडलेल्या प्रजा नाट्य मंडळीने बुर्रकथा हा जुना लोकप्रकार असाच हाती घेतला होता. बुर्रकथेत तिघे असतात: मधला मुख्य कथेकरी, एका बाजूला थट्टा करणारा, दुसऱ्या बाजूला राजकारणावर बोलणारा. शेख नाझर या कलावंताने तो प्रकार खेडोपाडी पोहोचविला, आणि तेथील सरकारांनीही त्यावर बंदीचे हत्यार उपसले. मनमाडहून सेलूवरून सिकंदराबादेस जाणाऱ्या एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांपलीकडे, दोन भाषांत, तिघातिघांची पथके एकाच सुमारास सारखेच काम करीत होती. मधला मराठवाडा मात्र गश्तीच्या कुलपात होता. ते कुलूप १७ सप्टेंबर १९४८ ला गळून पडले तेव्हा मुंबईत कलापथकाला कुलूप लागत होते.

मूळ त्रिकूट नंतर पूर्वीसारखे एकत्र राहिले नाही. अमर शेखांनी स्वतःच्या नावाचे पथक चालविले, कविता लिहिली, ‘महात्मा फुले’, ‘प्रपंच’ अशा चित्रपटांत कामे केली. अण्णाभाऊ कथा-कादंबरीकडे वळले. ‘फकिरा’ १९५९ ची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तिघांना पुन्हा एका मैदानात आणले, आणि त्या काळातील सभांना जो जमाव लोटला त्यात पुढाऱ्यांच्या भाषणांइतकाच शाहिरांच्या डफाचा वाटा होता. राज्य मिळाले, पुढारी मंत्री झाले. अण्णाभाऊ वर्षानुवर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतल्या खोलीत राहिले आणि १८ जुलै १९६९ रोजी हलाखीत वारले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. एकाचे वय एकोणपन्नासाला टेकलेले, दुसऱ्याचे बावन्न. जे गाणे कोणालाही फुकट नेऊ दिले त्याचे मानधन म्हातारपणी मिळत नाही, हा या स्वातंत्र्याचा दुसरा हिशेब आहे आणि तो झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्यांच्या मागे जे झाले त्यात मौज आहे. ‘कलापथक’ हा शब्द सर्वांनी उचलला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, पु. ल. देशपांडे, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशी माणसे मराठी रंगभूमीला व चित्रपटाला मिळाली, आणि तेथेही समाजवादी विचारांचा धाक होता, पण उपहासाला मोकळीक होती. नंतर सरकारी खात्यांनी शब्द घेतला. आज जिल्ह्याच्या ठिकाणी कलापथक म्हणजे शासकीय योजनांची माहिती देण्यासाठी ठरावीक मानधनावर गावोगाव पाठविले जाणारे पथक. डफ तोच, झीलही तीच. गणात आता खात्याचे नाव येते. या कलावंतांना नावे ठेवण्याचे कारण नाही; मानधन वेळेवर मिळाले तरी पुष्कळ, अशी त्यांची स्थिती आहे. पण ज्या खेळाची संहिता सरकार एकेकाळी संशयाने तपासत असे ती आता सरकारच लिहून देते. अण्णाभाऊंच्या नावाने १९८५ मध्ये महामंडळ निघाले, २००२ मध्ये टपालाचे तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. ‘बेकायदेशीर’ लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठी बतावणी सुचली नसती.

बंडाचा धागा दुसरीकडे गेला. साठोत्तरी अनियतकालिकांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर कविता छापून प्रकाशकाला बाजूस सारले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ, आणि त्यांच्या पत्नी कवयित्री मल्लिका या अमर शेखांच्या कन्या. ही दोन आडवी टाके घातली तर लाल बावट्यापासून पँथरपर्यंतची शिवण दिसते. मुंबईत २०१० च्या सुमारास ‘द रायट पेडलर्स’ नावाच्या तिघांच्या पथकाने इंग्रजीत राजकारणावर तिखट पंक गाणी म्हटली. त्यांचा श्रोता महानगरातला आणि थोडा होता. गिरणगाव तोवर उरले नव्हते, गिरण्यांच्या जागी बाजारहाटाचे मनोरे आले होते.

तालुक्याच्या गावच्या विद्यार्थ्याला आज यंत्र तर खिशातच मिळाले आहे. हातातल्या फोनवर गाणे मुद्रित होते आणि मिनिटात जगभर जाते. पाचशे पौंड किंवा छापखान्याचे बिल यांची जरूर नाही. ते जेथून जाते ती वाट मात्र पुन्हा कंपन्यांच्याच मालकीची आहे, आणि तेथे कोणते गाणे वर चढवावयाचे ते कंपनीचे यंत्र ठरविते. उरले वाद्य. गिटार शिकविणारा सेलूत मिळो न मिळो, हलगी वाजविणारा मराठवाड्याच्या कोणत्याही गावात असतो, कदाचित त्याच मुलाच्या वर्गात बसत असतो. त्याच्याकडे वाद्य शिकण्यासाठी सहसा कोणी जात नाही, कारण हलगी कोणत्या वस्तीतली ते सर्वांना माहीत असते. मिरवणुकीसाठी त्याला बोलावतात, पैसे देतात आणि पोचवून देतात. १९४४ साली वाटेगावचा मांग आणि बार्शीचा मुसलमान एका डफाखाली उभे राहिले, एकाने लिहिले, दुसऱ्याने गायिले आणि गव्हाणकरांनी त्यांना साथ दिली. त्यांच्यापाशी गिटार नव्हती, आणि हलगीवाल्याला बोलावण्यासाठी दुसऱ्या वस्तीत निरोप धाडण्याचीही त्यांना गरज पडली नाही.